देवाला लाल तार

वन्सं, तुम्हाला हॉलमध्ये जमिनीवर ठेवलं तेव्हा तुमचं डोकं उत्तरेला होतं आणि पाय दक्षिणेला, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला म्हणून वाचले. बायकांना वाटलं, हुंदका आवरतेय बिचारी. जन्मभर तुम्ही मुद्दाम उत्तरेला डोकं करून झोपलात. सासूबाई दारातून ओरडायच्या, "शालू, मेलेल्या माणसाला ठेवतात तसं झोपू नये गं, उशी फिरव!" आणि तुम्ही आतून उत्तर द्यायच्या, "आई, मी काय होकायंत्राची सुई आहे का दिशा बघून पडायला?" त्या दिवशी गुरुजींनी स्वतः दिशा विचारून तुम्हाला तसं ठेवायला लावलं. सासूबाई असत्या तर त्यांनाही काही बोलता आलं नसतं.

तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले, शेजारून आणलेली मोठी पातेली परत गेली. तुमच्या शाळेतल्या बाया येऊन गेल्या. कुणी तुमच्या शिस्तीबद्दल बोललं, कुणी विज्ञान प्रदर्शनाबद्दल, आणि निघताना प्रत्येकीने "शालिनीबेन एटले शालिनीबेन", म्हणजे तुमच्यासारख्या तुम्हीच, असं म्हटलं. मी मान हलवत होते. त्यांच्यासारखं सांगण्याजोगं माझ्याकडे काही नाही. मी तुमची वहिनी. चाळीस वर्षं आपण एका छपराखाली काढली, आधी प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आणि मग इथे हरणीला, तिसऱ्या मजल्यावर. तेवढ्या वर्षांत एकमेकींना एकदाही 'अगं' म्हटलं नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बजावलं, "नणंदेला वन्सं म्हणायचं," ते मी म्हणत राहिले. सगळ्या बडोद्यात ताई आणि दीदी सुरू झाल्या, आपल्या घरात मात्र वन्सं आणि वहिनीच. इतकं मनमोकळं तुमच्याशी बोलायला तुम्हाला जावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

बोलायचं म्हणजे काय, भांडायचंच आहे. आपलं भांडण अर्धं सोडून तुम्ही गेलात. प्रश्न एवढाच होता आणि एवढाच आहे, की मी या घरातून बाहेर कशी पडायची?

तुमच्या दादांना, म्हणजे माझ्या यजमानांना, झटका आला त्याला आता तीन वर्षं होतील. उजवं अंग गेलं. बोलणं गेलं, चार-पाच शब्द उरले. त्यांना क्षणभर एकटं ठेवता येत नाही. खुर्चीतून घसरतात, घास घशात अडकतो. तेव्हा तुम्ही नुकत्या निवृत्त झाला होतात आणि लगेच तुम्ही वेळापत्रक लावलंत, शाळेतलं असावं तसं. सकाळ माझी, अंघोळ, नाश्ता, मालिश. चारपासून दिवेलागणीपर्यंत तुमची. बाकी वेळ दोघींची. मी म्हटलं, "चार वाजता मी बाहेर जाऊन करू काय? भाजी तर खालीच मिळते." तुम्ही म्हणालात, "काहीही करा. पण दार ओढून घ्या आणि लिफ्टने खाली जा. तुम्ही घरात दिसलात तर दादा माझ्याकडून एक घास घेणार नाही."

मग तुम्हीच कुठून तरी शोधून काढलंत, की स्विमिंग पूलवर दुपारी लेडीज बॅच असते. साठीच्या घरातली बाई मी, गुडघ्याच्या वर साडी सरकली तर आजूबाजूला बघणारी! तो पोहण्याचा झगा घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात. म्हणालात, "सरस दिसताय. पाण्यात कोण बघतंय? आणि बघितलंच तर बघू देत, वांधा काय आहे?" पहिले काही दिवस मी कठड्याला धरून नुसती उभी असायची. मग एकदा तिथल्या शिकवणाऱ्या मुलीने हात सोडवला आणि मी तरंगले. वन्सं, ते मी तुम्हाला कधीच नीट सांगितलं नाही. उताणी पडून वर बघताना कानात पाणी जायचं आणि कुणाचीही हाक ऐकू यायची नाही. घंटी नाही, "पाणी" नाही, "नको" नाही. दिवसातला तो तासभर मी कुणाचीही कुणी नसायची. घरी येऊन मी फक्त म्हणायची, "आज पाणी जरा गार होतं."

तुम्ही मात्र यालाही विज्ञान चिकटवलंतच. एकदा वीज गेली होती आणि इन्व्हर्टर गुरगुरत होता, तेव्हा म्हणालात, "वहिनी, बॅटरीत एक टोक कायम प्लस, एक कायम मायनस. वीज एकाच बाजूला जाणार, संपेपर्यंत. भिंतीतल्या प्लगची तशी नाही. तिथं दिशा सारखी पलटते. आत्ता जे प्लस, ते लगेच मायनस. म्हणून ती लांबून लांबून आणता येते. आपलं घर प्लगवर चाललंय, हे ध्यानात ठेवा." मी म्हटलं, "प्लग राहू दे, यांचा डायपर संपलाय." तुम्ही हसलात. तुमचं हसणं फार कमी वेळा ऐकलं असेल मी, पण दर वेळी बरं वाटलं.

आपण दोघी नेहमी अशा नव्हतो. शाळेच्या पुस्तकातलं ते वाक्य तुम्ही मोठ्याने घोकून घ्यायच्या, क्वार्टरच्या व्हरांड्यात शिकवणीची पोरं बसवून: सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण, विजातीय ध्रुवांमध्ये आकर्षण. मी आत पोळ्या लाटताना म्हणायची, खरं आहे, एका घरात दोन बायका म्हणजे सजातीय. वर्षभर तर आपण एकमेकींशी बोललोही नाही. कारण तुम्हाला माहीत आहे. सासूबाईंनी मला पुढे केलं, माझ्या मावसभावाचं स्थळ तुमच्यासाठी सुचवायला. तुम्ही म्हणालात, "मला घालवायची घाई तुम्हाला झालीय की आईला?" आणि त्यानंतर बोलणं बंद. निरोप भिंतीमार्फत. "मीठ संपलंय म्हणावं." "आणलंय म्हणावं." तुमचे दादा मधे बसून पेपर वाचायचे.

त्या वर्षातलीच वीराच्या टाकाची गोष्ट. ती आपण पुढे इतक्या वेळा भांडून सांगितली, की खरी कोणती आणि भांडणातली कोणती हे आता मलाच कळत नाही. आपलं घराणं संस्थानच्या फौजेतलं. कुणी खापरपणजोबा लढाईत गेला की घोड्यावरून पडून गेला, यावर घरात एकमत नव्हतं, पण देवघरात खंडोबा-भवानीच्या शेजारी त्याचाही टाक होता: तांब्यावर चांदीचा पातळ पत्रा, त्यावर उठवलेला घोडेस्वार, झुपकेदार मिशांचा. पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून चांदी विरली होती आणि खालचं तांबं दिसायला लागलं होतं. चंपाषष्ठी तोंडावर आलेली. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतला, मुलामा चढवून देणारा गिलिटवाला म्हणाला, लग्नसराई आहे, आत्ता नाही जमणार. तुम्ही म्हणालात, "त्यात काय मोठंसं? शाळेत मुलांना मुलामा चढवून दाखवतेच की मी. घरी करते."

गिलिटवाल्याकडून चांदीचं पाणी आणलंत, शाळेतून तो विजेचा छोटा डबा आणलात. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काचेची बरणी मांडलीत. एका तारेला सासूबाईंची मोडकी चांदीची वाटी, दुसरीला वीर. नियम सोपा होता, तो मलाही ऐकून ऐकून पाठ होता. ज्याच्यावर चांदी चढवायची त्याला मायनस, ज्यातून चांदी घ्यायची त्याला प्लस. डब्यावर प्लसचं भोक लाल, मायनसचं काळं, आणि तारा त्याच रंगांच्या. म्हणजे वीराला काळी तार.

तिथेच सासूबाई आडव्या आल्या. "देवाला काळी तार? सणासुदीचं? मी जिवंत आहे तोवर नाही. लाल लावायची." तुम्ही त्यांना समजावायला गेलात, त्या ऐकेनात. मग तुम्ही दात आवळून चिमटे बदललेत. वीराला लाल, वाटीला काळी. सासूबाई समाधानाने देवघरात गेल्या, आणि तुम्ही गुपचूप डब्याकडच्या तारा काढून उलट्या खोचल्यात, लाल तार काळ्या भोकात. आईचाही मान राहिला आणि वीरालाही मायनसच मिळाला. हुशारीच ती. एवढं करून तुम्ही अंगणात सुकलेले कपडे काढायला गेलात.

आणि मी आले. मी बघितलं तर लाल तार काळ्या भोकात, काळी लालमध्ये. मला वाटलं, रागाच्या भरात चुकल्या. विचारायचं तर बोलणं बंद. मी मुकाट्याने तारा काढल्या, लाल लालमध्ये, काळी काळ्यात खोचली, आणि भाताकडे वळले.

अर्ध्या तासाने सासूबाईंनी बरणीत डोकावून जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारच्या क्वार्टरमधून लोक धावत आले. वीर तांबडालाल झाला होता. होती नव्हती ती चांदी त्याच्या अंगावरून सुटून वाटीवर जाऊन बसली होती. पूर्वज रुसला, रक्ताने माखला, असं म्हणत सासूबाई खाली बसल्या. तुम्ही दारात, हातात परकराचा बोळा. भिंतीकडे बघून म्हणालात, "तारांना हात कुणी लावला?" मी भिंतीलाच सांगितलं, "ज्यांनी चुकीच्या लावल्या त्यांची चूक सुधारली." मग तुम्ही भिंत सोडून माझ्याकडे बघितलंत. "वहिनी, मी मुद्दाम उलट्या लावल्या होत्या!" "मग सांगायचं होतं!" "कसं सांगणार? आपण बोलत नाही ना!" आणि मग काय झालं कोण जाणे, तुम्हाला आधी हसू आलं की मला. सासूबाई रडतायत आणि आपण दोघी ओट्याला धरून हसतोय. तुमचे दादा पेपर घेऊन आत आले आणि तसेच बाहेर गेले.

पुन्हा केलं तेव्हा तुम्ही काळ्या तारेवर लाल चिकटपट्टी गुंडाळलीत, टोकापासून टोकापर्यंत. सासूबाईंना लाल तार दिसली, डब्याला काही फरक पडला नाही, वीर पांढरा झाला. मिशा मात्र त्या पहिल्या अर्ध्या तासात गेल्या त्या गेल्याच. आजही देवघरात बिनमिशीचा वीर आहे आणि दर चंपाषष्ठीला मी त्याला हळद वाहताना तुम्ही मागून म्हणायच्या, "तुमच्यामुळे." आणि मी म्हणायची, "तुमच्यामुळे." वन्सं, आज मागून कुणी बोलणार नाही म्हणून मी कबूल करीन असं समजू नका. चूक तुमचीच होती.

त्या दिवशी जेवताना तुम्ही मला पहिल्यांदा नीट समजावून सांगितलंत. नाही तर पोरांना सांगायच्या ते मी भिंतीआडून ऐकायची. म्हणालात, "वहिनी, प्लस-मायनस म्हणजे तारेचा गुण नाही. तारेला बिचारीला काही माहीत नसतं. दोन टोकांत फरक आहे, एवढंच खरं. कुणाला प्लस म्हणायचं हे लोकांनी ठरवलं. आणि ठरवलं तेही उलटंच. आधी म्हणाले, वीज प्लसकडून मायनसकडे जाते. पुढे कळलं, तारेतून धावतात ते कण उलट्या बाजूने येतात." मी विचारलं, "मग नावं बदलली का नाहीत?" तुम्ही ताकाचा भुरका घेतलात. "कशाला? गणित बरोबर येतं. सगळ्यांनी मिळून एकच चूक धरली की काम चालतं."

मी नंतर कितीतरी दिवस त्यावर विचार करत होते. सासूबाई तुम्हाला पाहुणी म्हणायच्या. लेक म्हणजे परक्याचं धन, आज ना उद्या जाणार. मी सून, मी घरची. आणि प्रत्यक्षात घराचा जिना चढता-उतरता तुम्ही झिजलात. सासऱ्यांचं आजारपण, या फ्लॅटचं काम, सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांतली उठबस, सगळं तुमच्या अंगावर. माझा जीव मात्र कायम खिडकीच्या गजांतून बाहेर. 'घरची' हे नाव माझ्यावर पडलं आणि 'पाहुणी' तुमच्यावर, आणि उलट असूनही आपलं काम चाललं. हे मी तुम्हाला म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणाला असतात, "फार कविता नको, कणीक मळा."

आणि मग ते अर्धं राहिलेलं भांडण. या उन्हाळ्यात तुम्ही म्हणायला लागलात, की आयाबेन ठेवायची, दुपारी चार तास. मी म्हटलं, परकं माणूस नको. यांना चालायचं नाही. तुम्ही म्हणालात, "दादाला नाही चालायचं की तुम्हाला?" मी म्हटलं, "आपण दोघी आहोत ना?" तेव्हा तुम्ही चिडलात. "दोघी आहोत तोवर ठीक. एक तार तुटली की संपलं, वहिनी. उरलेल्या तारेत कितीही दम असो, दिवा लागत नाही." मी म्हटलं, "तुम्ही कुठे जाताय इतक्यात?" आणि वर आणखी टोमणा मारला, "उत्तरेला डोकं करून झोपणाऱ्यांना काही होत नसतं."

पंधरवडाही गेला नाही. सकाळी तुम्ही दूध आणायला खाली गेलात. मी यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून अंघोळ घालत होते. अंगभर साबण, डोक्यावर साबण, आणि इंटरकॉम वाजला. वाजतच राहिला. मी ओल्या हाताने उचलला. वॉचमन म्हणाला, "मासी, जल्दी आवो, शालिनीबेन पडी गयां छे पार्किंगमां." वन्सं, मी लगेच खाली येऊ शकले नाही. यांना तसं साबणाने बुळबुळीत खुर्चीत सोडलं असतं तर ते फरशीवर आपटले असते. मी पाणी ओतत होते आणि ओरडत होते, शेजारच्या दाराला ऐकू जावं म्हणून, आणि सगळे कामावर गेलेले. यांना पुसलं, पलंगावर ओढून आणलं, कडेला उशा लावल्या. खाली पोचले तेव्हा कुणीतरी तुमच्या डोक्याखाली दुधाच्या पिशव्यांची थैली ठेवली होती आणि तुम्ही गेला होतात. तुमचा हात अजून गरम होता. मला तिथे बसायचं होतं, नुसतं बसायचं होतं तुमच्या शेजारी, आणि मनात मात्र एकच, वरती ते एकटे आहेत. मी तुमच्याशेजारी दोन मिनिटंही धड बसले नाही. लिफ्टने परत वर गेले.

तेव्हापासून मी वरच आहे. पाहुणे होते तोवर कुणी ना कुणी होतं. लेक मुंबईहून आली, जितकी रजा होती तितकी राहिली, रडत परत गेली. आता सकाळ माझी, दुपार माझी, संध्याकाळ माझी. विमानतळाकडे उतरणारी विमानं खिडकीवरून जातात आणि काचा थरथरतात, तेवढीच बाहेरची खबर. चार वाजले की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात आणि कडीला हात लावून मी परत येते. बॅटरी झालीय घराची, तुमच्या भाषेत.

तुमचं कपाट आवरताना शाळेचे जुने पट्टीचुंबक सापडले. तुम्ही ते नेहमी जोडीने ठेवायच्या, एकाचं उत्तर टोक दुसऱ्याच्या दक्षिण टोकाशेजारी, दोन्हीकडे लोखंडाचे तुकडे लावून. एकटं ठेवलेलं चुंबक हळूहळू मरतं, म्हणायच्या. पण आणखी एक तुमचंच सांगणं आहे. माझ्या हातून एकदा एक चुंबक पडून दोन तुकडे झालं, मी घाबरून उत्तरेकडचा तुकडा उचलून दिला, तर तुम्ही म्हणालात, "नुसतं उत्तर नसतंच कुठे. बघा, तुटल्या जागी त्याला नवं दक्षिण टोक आलंय." तो तुकडा हातात धरून मी पलंगावर बसले होते. एकटं राहिल्यावर मरतं की दुसरं टोक फुटतं, हे तुम्ही दोन्ही सांगितलंत आणि मला यातलं कोणतं लागू, ते सांगायला थांबला नाहीत. मला तुमची फार आठवण येते वन्सं, आणि तुमचा फार राग येतो.

तुम्ही गेलात हे यांना मी सांगितलं होतं. त्या दिवशी ते रडले, डाव्या डोळ्यातून जास्त. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता दाराकडे बघून म्हणाले, "शालू?" मी म्हटलं, "शालू गेली हो." पुन्हा रडले. तिसऱ्या दिवशी पुन्हा "शालू?" रोज चारला. रोज मी त्यांना तुमच्या मरणाची बातमी नव्याने देते आणि ते रोज नव्याने ऐकतात. जेवण अर्ध्यावर आलंय. माझ्या हातून घेत नाहीत. मी गोंजारते, "अहो, एवढा एकच घास घ्या ना." तोंड मिटून घेतात. कडक बोलण्याचं खातं तुमचं होतं, गोड बोलण्याचं माझं; नुसत्या गोडाने त्यांचं पोट भरेना.

परवा फोन आला. "बेन, हुं रमीला. शालिनीबेने कह्युं तुं के सोमवारथी चार वागे आववानुं छे. तो आवुं ने?" या सोमवारपासून चार वाजता आयाबेन यायची, हे मला न विचारता ठरवून टाकलं होतंत तर! माझं डोकंच फिरलं. त्या आता नाहीत, असं मी सांगितलं, "शालिनीबेन हवे नथी." पलीकडून ती हळूच म्हणाली, "खबर छे, बेन. एटले ज पूछुं छुं." माहीत होतं, म्हणूनच विचारत होती. मी नाही म्हणणार होते. तोंडातून "आवो" कसं निघालं, मला ठाऊक नाही.

आज ती आली. पन्नाशीची, ठेंगणी, हात धुऊन, पदर खोचून सरळ यांच्या खुर्चीशी जाऊन बसली. मऊ भाताची वाटी घेतली, चमचा पुढे केला. यांनी डाव्या हाताने तो उडवला. भात भिंतीवर. "नको! नको! नको!" मी पुढे झाले, "अहो, असं काय करता, घ्या ना थोडं." ते मान फिरवून बसले. रमीलाबेनने माझ्याकडे बघितलं. मला दिसलं, ती उठणार, उद्यापासून येणार नाही, आणि या दाराची कडी मला पुन्हा कधी सरकवता येणार नाही.

आणि माझ्या पोटातून कुठून तरी आवाज आला. जोरात, नाकातून, शेवटच्या बाकावरच्या पोरापर्यंत पोचेल असा.

"दादा! तोंड उघड! लहान आहेस का तू?"

नवऱ्याला मी उभ्या जन्मात 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. यांनी मान वळवली, माझ्याकडे बघितलं, कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा सैलावला. ओठांची एक बाजू हलली. झटका आल्यापासून दोन शब्द त्यांनी कधी जोडले नव्हते, ते आज जोडले.

"शालू, आलीस?"

रोजच्यासारखं मला सांगायचं होतं, की शालू गेली हो. मी भिंतीवरचा भात पुसला. रमीलाबेनच्या हातात वाटी परत दिली.

"आले," मी म्हटलं.

त्यांनी तोंड उघडलं आणि घास घेतला. मग दुसरा घेतला. मी चपला पायात सरकवल्या, दार ओढून घेतलं आणि लिफ्टने खाली गेले.